वेडेपणाचा प्राध्यापक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकर मारबत काढतात आणि आम्ही पांढुर्णेकर डोकी फोडतो. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं, त्याला झेंडा बांधायचा, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मग दिवस मावळेपर्यंत दगड. पांढुर्ण्याच्या गड्यांनी झाड तोडून झेंडा चंडीमातेच्या देवळात पोचवला की जिंकलो. दर वर्षी शेकड्यानं माणसं जखमी होतात. काही जिवानिशी गेली आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना हा लेख वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. प्रशासनानं काय करून पाहिलं नाही? जमावबंदी लावली, गोफणीवर बंदी घातली, कॅमेरे बसवले, ड्रोन उडवले. एकदा तर काठावर रबरी चेंडू आणून ठेवले. दगडाऐवजी चेंडू मारा, परंपरा शाबूत आणि कवटीही शाबूत.

चेंडू राहिले बाजूला, दगड चालू राहिले.

या चेंडूंवर आज आमचा भाचा पोट भरतो. सौंसरच्या ताईचा धाकटा. युरोपातल्या एका विद्यापीठात तो वर्तनात्मक अर्थशास्त्र आणि शाश्वतता या विषयांचा प्राध्यापक व्हायच्या बेतात आहे. बेतात म्हणजे पीएचडी झाली, पुढचं संशोधन चालू आहे आणि कायमची नोकरी पुढच्या वर्षी. ही कायमची नोकरी बरीच वर्षं पुढच्याच वर्षी आहे.

माझं पांढुर्ण्यात कृषी सेवा केंद्र आहे. पाटी हिंदीत, उधारीची वही मराठीत आणि वसुली वऱ्हाडीत. दुकानासमोर एक बाक आहे. त्यावर बसणारे लोक दुकानातून काही घेत नाहीत, पण प्रत्येक विषयावर मत देतात. भाच्याचं शास्त्र मी या बाकाला पहिल्यांदा समजावलं तेव्हा फार अडचण आली नाही. म्हटलं, जुने अर्थशास्त्रज्ञ असं धरून चालायचे की माणूस नफातोटा बघून, पूर्ण हिशोब करून वागतो. बाक हसला. माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आजवर आलेलं नाही, पण ते अर्थशास्त्रज्ञही माझ्या दुकानात कधी आले नव्हते. पुढे हर्बर्ट सायमन म्हणाले की माणसाची अक्कल आणि वेळ दोन्ही बेताचे, तो बरं वाटलं तिथं थांबतो. त्यांना १९७८ साली नोबेल मिळालं. डॅनियल काहनेमन हे तर मानसशास्त्रज्ञ, त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचं मिळालं. २०१७ साली रिचर्ड थेलर यांना मिळालं. बक्षिसाचे पैसे कसे खर्च करणार, असं विचारल्यावर हे गृहस्थ म्हणाले की जमेल तितक्या अविचारानं. संत्र्याचे पैसे हातात आल्यावर आमच्याकडेही लोक हेच करतात, फक्त त्यांना स्टॉकहोमला कोणी बोलावत नाही.

या थेलरसाहेबांची सगळी विद्या एका काजूच्या वाटीतून निघाली म्हणतात. घरी जेवायला पाहुणे होते. जेवणाआधी काजू ठेवले, तर पाहुणे थांबेचनात. जेवणाची भूक मरेल म्हणून यांनी वाटी उचलून आत नेली. पाहुण्यांनी चक्क आभार मानले. पाहुणे अर्थशास्त्रज्ञ होते, त्यामुळे लगेच चर्चा सुरू झाली की खाण्याची मुभा काढून घेतल्यावर आनंद का व्हावा, शास्त्राप्रमाणे तर दुःख व्हायला पाहिजे. आता हाच प्रयोग सौंसरात करून पाहा. पाहुण्यापुढून काजूची वाटी उचलली तर ती गोष्ट यजमानाच्या नातवाच्या लग्नापर्यंत निघत राहील, आणि त्या लग्नात काजूकतली वाढताना हमखास निघेल.

भाचा म्हणतो, मामाजी, आमच्या शास्त्रात सगळ्यात ताकदवान गोष्ट म्हणजे डिफॉल्ट. माणसानं काहीच ठरवलं नाही तर त्याच्या वाट्याला जे येतं ते. अवयवदानाचं उदाहरण तो नेहमी देतो. २००३ साली छापून आलेल्या एका लेखात जर्मनी आणि ऑस्ट्रिया शेजारी शेजारी ठेवले होते. जर्मनीत दान करायचं असेल तर नाव नोंदवा, असा नियम. नोंदवणारे १२ टक्के. ऑस्ट्रियात करायचं नसेल तर नोंदवा, असा नियम. तिथे जवळपास सगळाच देश दाता. माणसं तीच, भाषा तीच. फॉर्मवरची एक खूण फक्त उलटी.

हे ऐकल्यावर मला कळलं की आम्ही मध्य प्रदेशात का आहोत. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि पांढुर्णा-सौंसर छिंदवाड्याबरोबर जिथे होतं तिथेच राहिलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, दवाखाना नागपूरचा, लग्नाचा बस्ता नागपूरचा, आणि दाखला मात्र छिंदवाड्याचा. आम्हाला कोणी काही विचारलं असं आमच्या बुजुर्गांना आठवत नाही. कुठलीही खूण न करता आम्ही ऑस्ट्रिया झालो.

२०२३ साली मात्र खूण झाली. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली काढून पांढुर्णा जिल्हा झाला. घोषणा झाली जामसावळीला, म्हणजे सौंसर तहसिलीत, जिथले मारुतीराया निजलेले आहेत. आम्ही फटाके उडवले. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "कचेरी तुमच्याकडं गेली ना?" म्हटलं, "अगं, छिंदवाड्यापेक्षा जवळ तर आली!" तर म्हणते, "छिंदवाड्याचं काय आहे, ते दूर होतंच. पांढुर्ण्याले काऊन देली?" भाच्यानं हे फोनवर ऐकलं आणि आनंदानं टिपून घेतलं. माणूस किती मिळालं हे मोजत नाही, कशाच्या तुलनेत मिळालं हे मोजतो, असं काहनेमन आणि त्यांचे मित्र एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच लिहून ठेवलंय म्हणे. ताईनं ते वाचलेलं नाही. तिचं आपलं स्वतंत्र संशोधन आहे.

खरी प्रयोगशाळा पाहायची तर संत्र्याच्या बागेत या. आमच्याकडे पुष्कळ माल झाडावरच विकला जातो. व्यापारी येतो, बागेतून एक चक्कर मारतो, झाडं बघितली न बघितली असं करतो, बुंध्याजवळ पडलेलं एखादं फळ पायानं लोटतो आणि एक आकडा टाकतो. आकडा इतका कमी असतो की शेतकऱ्याला हसू येतं. तिथेच तो फसतो. कारण पुढची सगळी घासाघीस त्या हसू आलेल्या आकड्याभोवतीच फिरते. काहनेमन-ट्वर्स्की जोडीनं यासाठी एक चाक बनवलं होतं. चाक फिरवायचं, ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल अशी आतून सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के? चाकाचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही. तरी १० बघितलेल्यांचं उत्तर २५ टक्क्यांच्या आसपास आणि ६५ बघितलेल्यांचं ४५. आमचा व्यापारी चाक आणत नाही, त्याचं मोटरसायकलवर भागतं.

शेतकरीही काही कमी नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटले होते. अर्ध्यांना मग, अर्ध्यांना नाही. मग मिळालेले लोक त्याची जी किंमत मागत होते ती न मिळालेल्यांच्या तयारीच्या दुपटीच्या घरात होती. पाच मिनिटांपूर्वी फुकट मिळालेला मग! तर ज्या झाडाला बापानं पाणी घातलं त्याच्या फळाला माणूस काय भाव सांगेल? मागच्या साली शेजाऱ्याला जो मिळाला त्याच्या वरचा. तो येत नाही, म्हणून मृग बहाराचा माल झाडावर राहतो, आणि फेब्रुवारीत गारपीट येऊन सगळ्यांना एकाच भावात आणते. त्या रात्री माझ्या दुकानात कोणी येत नाही. बाकही रिकामा असतो.

भाचा दोन पोळ्यांआधी आमच्या या दगडफेकीचा, म्हणजे गोटमारीचा, अभ्यास करायला आला. विषय असा की धोक्याची पूर्ण कल्पना असूनही माणसं नदीत का उतरतात, आणि त्यांना हळूच धक्का देऊन, म्हणजे जबरदस्ती न करता, दुसरीकडे कसं वळवावं. असा हळूच धक्का देण्यावर थेलर आणि सनस्टीन या जोडीचं २००८ सालचं एक पुस्तक आहे. आमच्या इथे धक्का हळूच देत नाहीत, हे मी त्याला स्टेशनवर उतरवून घेतानाच सांगितलं.

आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागते. फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न: या अभ्यासात सहभागी होणाऱ्यांना शारीरिक इजेचा संभव आहे का? हो किंवा नाही. भाचा त्या चौकटीपुढे दोन दिवस बसून होता. नाही लिहावं तर खोटं, हो लिहावं तर परवानगी नाही. शेवटी त्यानं लिहिलं, आहे, पण अभ्यासामुळे नाही. समितीनं उलट विचारलं, मग प्रत्येक सहभागीची आधी लेखी संमती घ्याल का? म्हणजे जाम नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून, डोक्यावरून गोटे जात असताना, चार पानी संमतीपत्रावर सही घ्यायची. एक प्रत त्याला, एक आपल्याला.

म्हणून त्यानं गोटमारीआधी चार दिवस बाकावरच मुलाखती घ्यायचं ठरवलं. टॅबलेट घेऊन बसला. पहिला प्रश्न धीराचा.

"आज १०० रुपये घेता, की महिन्यानं ११०?"

"महिन्यानं तू इथंच राह्यशीन का?"

"मी नाही, पण पैसे मिळतील ना."

"कोनाच्या हातून?"

"मामाजींच्या."

गड्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "मंग आजच दे."

भाच्यानं टॅबलेटवर नोंद केली: उत्तरदात्याला धीर कमी. मी म्हटलं, अरे, त्याला धीर भरपूर आहे, त्यानं माझी उधारी तीन वर्षं धीरानंच ठेवली आहे. त्याला भरवसा नाही. भाचा जरा गप्प झाला. अमेरिकेत लहान मुलांपुढे गोड पदार्थ ठेवून, थांबलास तर दुसराही देतो, असं सांगायचा एक जुना प्रसिद्ध प्रयोग आहे. २०१३ साली दुसऱ्या काही संशोधकांनी तो थोडा बदलून केला. आधी शब्द मोडून दाखवलेल्या माणसापुढे मुलं फार वेळ थांबली नाहीत, शब्द पाळणाऱ्यापुढे कितीतरी जास्त वेळ थांबली. तेव्हा लेकरांनाही जे कळतं ते टॅबलेटला कळायला वेळ लागतो.

दुसरा प्रश्न समाधानाचा. "मागच्या गोटमारीत तुमचा अनुभव कसा होता? एक ते सातमध्ये सांगा."

"सात कायचे बाप्पा? आठ टाके पडले."

त्या दिवशी भाच्याला दंडाचीही कल्पना सुचली. आता दंडाच्या बाबतीत त्याच्या शास्त्राची एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. इस्राएलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांतून मुलांना न्यायला आईबाप उशिरा यायचे. दोन अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरं घेतली आणि त्यांतल्या सहांत उशीर झाला तर १० शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हावा की नाही? उशिरा येणारे वाढून जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंपुढे ओशाळं वाटायचं, आता पैसे दिले की विषय संपला. पुढे दंड काढला तरी उशीर तसाच राहिला, कारण शरम एकदा विकली की परत मिळत नाही. भाच्यानं ही गोष्ट बाकाला सांगून विचारलं, गोटमारीत एका दगडाला १० रुपये दंड ठेवला तर? मागून आवाज आला, "शंभराची पावती पहिलेच फाडून ठेव. घडी घडी कोन येईन?"

चेंडू का चालले नाहीत, हे मात्र त्याला बाकानं फुकट सांगितलं. "चेंडू लागला तं समोरचा हासते. हासनाऱ्याले हरवलं कसं म्हनाव?" चेंडू ठेवणाऱ्यांनी धरलं होतं की लोकांना फेकायला आवडतं. फेकणं हा त्यातला छोटा भाग आहे. नदीत उभं राहणं हा मोठा भाग आहे, आणि ज्यानं लागत नाही त्याच्यासमोर उभं राहण्यात काय आहे? नवस असेल तर तो रबराचा कसा फेडायचा? माझं स्वतःचं मत विचाराल तर हे थांबायला पाहिजे, पण ते चेंडूंनी थांबणार नाही. पळसापाशी पोचणाऱ्याला गावात जो मान मिळतो तो दुसऱ्या कुठल्या तरी कामात मिळायला लागेल त्या वर्षी थांबेल. ते काम कोणतं, हे शोधायला अनुदान मागावं, असं मी भाच्याला सुचवलं. म्हणाला, तीन वर्षांत उत्तर मिळेल असं लिहून द्यावं लागतं.

तीन वर्षांत त्याला स्वतःला काय मिळालं ते मी बघितलं आहे. पीएचडी तीन वर्षांची होती. पहिल्या दिवाळीला म्हणाला, प्रबंध पुढच्या दिवाळीपर्यंत. त्या दिवाळीला म्हणाला, होळीपर्यंत. ताईनं सत्यनारायण बोलला होता तो बोललेलाच राहिला. आणि गंमत अशी की याच्याच शास्त्रात याचं निदान लिहून ठेवलंय. १९९४ सालचा लेख आहे: मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत लिहाल? सरासरी उत्तर ३४ दिवस. बरं, सगळं वाईटात वाईट झालं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. वाईटात वाईटाच्याही पलीकडे! खुद्द काहनेमननी निर्णय कसे घ्यावेत याचा शालेय अभ्यासक्रम लिहायला घेतला होता. मंडळींचा अंदाज दोन वर्षं. लागली आठ. तोवर शिक्षणखात्याची हौस फिटली होती, पुस्तक वापरलंच गेलं नाही. हे सगळं भाचा तेव्हा वर्गात रंगवून शिकवायचा आणि घरी येऊन दुसऱ्या प्रकरणाची तारीख पुढे ढकलायचा. ताईला सांगितलं तर म्हणाली, "ज्याले समजते त्याचंही असंच होते, तं मंग शिकून काय केलं?" मला वाटतं या विषयावर आजवर झालेली ही सगळ्यात टोकदार टीका आहे, पण ताई नियतकालिकात लिहीत नाही.

नियतकालिकांचं नाव काढलं म्हणून सांगतो. २०१२ साली एका मोठ्या नियतकालिकात लेख आला की फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी वर, सुरुवातीलाच, खरं सांगतो म्हणून सही घेतली तर माणूस कमी खोटं बोलतो. गाजला. सरकारांनी ऐकला. २०२१ साली उघड झालं की त्यातल्या गाडीच्या विम्याच्या प्रयोगाचे आकडेच बनावट होते. प्रामाणिकपणावरचा लेख अप्रामाणिक निघाला आणि मागे घ्यावा लागला. बाकावर हे सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "वरती सही घेतली तं खरं बोलते म्हने? आमच्या इथं पटवारी कोऱ्याच कागदावर घेते." त्यावर कोणी खरं बोललं का? "लिहिलंच नाही तं खोटं कायचं?"

त्याहून मला लागलेला आकडा वेगळा आहे. दोन संशोधकांनी २०२२ साली हिशोब मांडला. प्राध्यापकांनी छापलेल्या प्रयोगांत अशा हळूच धक्क्यांनी लोकांचं वागणं सरासरी ८.७ टक्के बिंदूंनी बदललेलं दिसतं. सरकारच्या कामात, लाखो लोकांवर, तेच धक्के दिले तर १.४. खोट कोणाची नाही, पण जो प्रयोग फसतो तो छापायला कोणी घेत नाही, त्यामुळे छापलेलं सगळं गोजिरं दिसतं. बियाण्याच्या पाकिटावरच्या फोटोतलं कणीस आणि गिऱ्हाइकाच्या वावरातलं कणीस यांतला फरक मी गेली कित्येक वर्षं काउंटरच्या या बाजूनं समजावतो आहे. भाचा पाकीट छापणाऱ्यांच्या बाजूला गेला, हाच काय तो आमच्यात फरक.

आता शाश्वतता. पृथ्वी वाचवायची तर माणसाच्या सवयी बदलल्या पाहिजेत, हे त्याच्या कामाचं दुसरं अंग. त्यासाठी वर्षातून काही वेळा विमानानं परिषदांना जावं लागतं. भारतातला माणूस वर्षभरात सरासरी साधारण दोन टन कार्बन वायू सोडतो. युरोपची एक जाऊन-येऊन फेरी त्याच्या निम्म्याच्या आसपास सहज पोचते. प्रत्येक परिषदेत एक कापडी पिशवी मिळते, प्लास्टिक टाळा असं छापलेली. अशा पिशव्यांचा ढीग भाच्यानं माझ्या मायसाठी, म्हणजे त्याच्या आजीसाठी, आणून ठेवला आहे. तो सांगत होता की डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली हिशोब काढला: साध्या सुती पिशवीचा सगळा भार फिटायला ती ७,१०० वेळा वापरावी लागते, आणि सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. मायनं विचारलं, रोज वापरली तर? साधीला एकोणीस वर्षांच्या वर, सेंद्रियला जवळपास पंचावन्न. ती म्हणाली, "साधी राहू दे. सेंद्रिय नातसुनेले देजो." आता तिच्या तुरीच्या डाळीवर हवामान बदलाविरुद्धचं एक इंग्रजी आवाहन असतं. कापूस बहुधा आमच्या सौंसरच्याच बाजूचा असेल, जगभर फिरून परत आलेला.

शहरातले पाहुणे मायला बघून गहिवरतात. जुन्या लुगड्याची गोधडी, डब्यात डबा, दोरीचा तुकडासुद्धा जपून ठेवलेला. म्हणतात, शाश्वत जीवन ते हेच. त्यांचा गहिवर मी मोडत नाही. पण माय पाणी जपून वापरायची कारण ते डोक्यावर आणावं लागायचं. घरी नळ आला त्या दिवशी तिनं अंगण धुतलं. दुसऱ्या दिवशीही धुतलं. तिसऱ्या दिवशी समोरचा रस्ता धुतला.

पाण्याचं तर विचारूच नका. संत्र्याला पाणी लागतं, विहीर आटली की बोअर, बोअर आटली की शेजाऱ्याच्यापेक्षा खोल बोअर. सीमेपलीकडच्या वरूड-मोर्शीकडे हीच शर्यत इतकी चालली की तो भाग डार्क झोन म्हणून ओळखला जाऊ लागला. भाच्याच्या पोतडीत यावरही औषध आहे. एलिनोर ऑस्ट्रॉम नावाच्या बाई होत्या, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पहिल्या बाई, २००९ साली. त्यांनी स्पेनचे पाट पाहिले, नेपाळचे पाट पाहिले आणि सांगितलं की गावकरी आपले नियम आपण करून, आपली राखण आपण करून, साझ्याचं पाणी पिढ्यान्पिढ्या टिकवू शकतात. सरकारही नको, मालकही नको. हे मला फार पटलं. भाच्यानं त्याच संध्याकाळी बाकाला विचारलं, सगळ्यांनी मिळून ठरवलं की नवी बोअर मारायची नाही, तर? सगळे एकदम हो म्हणाले. एकानं तर हात वर केला. "ठरवू ना. एवढी माझी मारून होऊ दे."

राहता राहिली वीज, आणि इथे मात्र मध्य प्रदेश सरकारनं नकळत भाच्याच्या सगळ्या शास्त्रावर मात केली आहे. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस नावाचं गाव आहे. तिथे तीनशेच्या आत-बाहेर घरांच्या दारांवर चिठ्ठ्या अडकवल्या, की तुमचा वापर एवढा, शेजाऱ्यांचा सरासरी एवढा. २००७ साली त्याचा लेख आला. जास्त वापरणारे शरमले आणि कमी करू लागले. पण कमी वापरणाऱ्यांना वाटलं, आपण उगीच काटकसर करत होतो, आणि त्यांनी वाढवला. त्यांच्यातल्या ज्यांच्या चिठ्ठीवर हसरा चेहराही काढला होता, तेवढेच आवरून राहिले. आमच्याकडे चेहरा कोणी काढत नाही. अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याला १५० युनिटांच्या आत राहिलात तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये. एक युनिट वर गेलं की सवलत गेली, पूर्ण बिल. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गल्लीत जी ऊर्जाबचत होते ती युरोपातल्या कुठल्याही गावाला जमलेली नाही. पंखा एकच, त्याखाली सगळे. टीव्ही शेजाऱ्यांच्याकडे, कारण त्यांचं रिडिंग आधीच झालेलं. काही घरांत एकाएकी वाटणी होते: वर थोरल्याचं मीटर, खाली धाकट्याचं. चूल एकच, भांडण एकच, फक्त मीटर दोन. भाचा म्हणतो, या उंबरठ्यामुळे माणसं खोटी कागदपत्रं करतात, हे चुकीचं धोरण आहे. मी म्हणतो, तू चेहरे काढून पाहा.

आमच्या घरात मीटरचा कारभार मायकडे आहे. तिला आकडे वाचता येतात, चष्मा लागतो एवढंच. भाचा गोटमारीनंतर आठ दिवस राहिला त्यातल्या शेवटच्या रात्रीची गोष्ट. नियतकालिकाला दुरुस्त केलेला लेख पाठवायची रात्री बाराची मुदत, तीही युरोपच्या घड्याळाची. हा आतल्या खोलीत पंखा, दिवा, लॅपटॉप आणि वायफाय लावून बसलेला. परीक्षकानं तिसऱ्यांदा काही शंका काढल्या होत्या आणि हा प्रत्येक शंकेला, आपली सूचना अत्यंत मोलाची आहे, असं लिहीत होता. माय दोनदा ओसरीवर जाऊन मीटर बघून आली. मग तिनं मेन स्विच खाली ओढला.

अंधारात आतून आवाज आला, "आजी! वायफाय गेलं! माझा पेपर जाऊन राह्यला होता!"

"दीडशेले दोन युनिट बाकी आहेत. उद्या रिडिंगवाला येते."

"अवो आजी, फक्त पाच मिनिटं. अपलोड अर्धं झालं होतं."

"कायचा पेपर आहे तो?"

"घरातली वीज लोकांनी कशी वाचवावी, त्याचा."

"मंग वाचून राह्यली ना," माय म्हणाली आणि चष्मा काढून झोपायला गेली.